म्हाताऱ्या रॉकवाल्याला भेटायचंय? आधी मनगटावरचा पट्टा दाखवा!

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, पण वाचायला घेतलीत तर शेवटपर्यंत वाचा.

गेली दहा-पंधरा वर्षं आपल्याकडे मोकळ्या मैदानावरच्या म्युझिक फेस्टिव्हलचं पीक आलंय. पुण्यात २०१० साली एनएच सेव्हन वीकेंडर सुरू झाला. २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा भरतोय. मे २०२५ मध्ये त्याच रेसकोर्सवर गन्स एन' रोझेस वाजवून गेले. हे चांगलंच आहे. माझी तक्रार गाण्याबद्दल नाही. मैदानाचे जे तुकडे पाडले जातात, त्याबद्दल आहे. स्टेजला लागून एक कुंपण, त्याच्यामागे दुसरं, त्याच्यामागे तिसरं. जेवढा पट्टा महाग तेवढे तुम्ही पुढे. आणि कलाकाराचा हात हातात घ्यायचा असेल, फोटो काढायचा असेल, तर परदेशी बँडच्या दौऱ्यांत त्याचंही वेगळं पॅकेज विकतात. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळला कोल्डप्ले आला तेव्हा तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. काळ्या बाजारात काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय.

आता कुणी म्हणेल, हे असंच असतं. नाही मित्रांनो, असं नव्हतं.

धोबी तलावला रंगभवन होतं. उघड्या आभाळाखालचं. १९७८ पासून तिथे जॅझ यात्रा भरायची, १९८६ ला इंडिपेंडन्स रॉक सुरू झालं. पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा पनवेलवरून लोकल पकडून मी तिथे जायचो. खिशात परतीचं तिकीट आणि वडापावचे पैसे, बस्स. वाजवून झालं की बँडवाले खाली उतरून आमच्यातच उभे राहायचे. कुठली स्ट्रिंग लावता, हे गाणं कसं सुचलं, काहीही विचारा. त्याला कुणी 'मीट अँड ग्रीट' म्हणत नव्हतं. गप्पा म्हणायचे.

पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या शेजारी रुग्णालयही आणि कॉलेजही. तिथलं संगीत थांबलं. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला झोप हवी. पण एक स्वस्त, सार्वजनिक जागा बंद झाल्यावर तशीच दुसरी उभी करायची जबाबदारी कुणी घेतली? कुणीच नाही. ती पोकळी खासगी कुंपणांनी भरली.

आणि 'रॉक म्हणजे मुंबईच्या इंग्रजाळलेल्या पोरांचं खूळ' म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १९७१ साली रॉकचा एक मोठा मेळा भरला होता, स्नेहयात्रा नावाचा. भारताचा वुडस्टॉक म्हणतात त्याला. कुठे? मळवलीला! कर्जतवरून गाडीत बसा, घाट चढा, लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन. नंदू भेंडे कोण? आत्माराम भेंड्यांचा मुलगा. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टमध्ये गाणारा, आणि पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये रॉक आणणारा. इंडस क्रीडचा गिटारवादक कोण? महेश तिनईकर. ही आपलीच माणसं आहेत. नंदू भेंडे २०१४ ला गेले. आपल्या किती पोरांना त्यांचं नाव माहीत आहे?

खुद्द वुडस्टॉक काय होतं? १९६९ साली अमेरिकेत एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या शेतावर भरलेली जत्रा. चारेक लाख माणसं आली, कुंपण टिकलं नाही, शेवटी आयोजकांनी कार्यक्रम फुकट जाहीर केला. त्या नावाचा धंदा करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याकडच्या एका फेस्टिव्हलला मी आणि माझा एक मित्र गेलो होतो. मित्राचं गॅरेज आहे, रंगभवनच्या काळापासूनचा रॉकवेडा. त्याच्या आवडत्या जुन्या बँडचं वादन होतं. भर दुपारी, समोर शंभर-दीडशे माणसं. हा वीस वर्षं जपलेली कॅसेट सहीसाठी घेऊन गेलेला. बाउन्सरने पट्ट्याचा रंग बघितला आणि 'पीछे हटो' म्हणाला. माझा प्रेसचा पासही चालला नाही. तासाभराने त्या बँडचा गिटारवादक, साठीला आलेला माणूस, स्वतःच बाहेर चहाच्या टपरीवर आला. मित्राने कॅसेट पुढे केली.

"सर, सही द्याल?"

त्याने कॅसेट उलटसुलट करून बघितली. "ही अजून वाजते?"

"वाजते. दोनदा रीळ तुटलं, मी जोडलं."

"कुठून आलात?"

"चौक. खालापूर तालुका."

"अरे, ओल्ड हायवे! घाट चढायच्या आधी आमची गाडी तिथेच कुठेतरी गरम व्हायची."

"मग सर, आमच्याच गॅरेजला आणायची ना! तेव्हा वडील बसायचे."

दहा मिनिटं दोघे बोलले. गाण्यावर कमी, रेडिएटरवर जास्त. सही झाली, चहाचे पैसे गिटारवादकाने दिले. त्या म्हाताऱ्या कलाकारालाही असा श्रोता हवाच होता. कुंपण त्याच्या सोयीसाठी नव्हतं, विक्रीसाठी होतं. भेट झाली ती कलाकाराच्या माणुसकीमुळे, फेस्टिव्हलच्या व्यवस्थेमुळे नाही.

आयोजकांची बाजू मला कळते. साउंड, लाइट, पाणी, संडास, अ‍ॅम्ब्युलन्स, सगळ्याला पैसा लागतो. चेंगराचेंगरी टाळायला बॅरिकेडही लागतं. मान्य. पण सुरक्षेचं बॅरिकेड वेगळं आणि ऐपतीचं वेगळं.

काही जण म्हणतील, इर्शाळवाडीसारखी दुर्घटना बघितलेल्या भागात हे चोचले कशाला? पुनर्वसन, पाणी, पनवेल-कर्जत लोकल यावर मी वर्षभर लिहितोच, लिहीत राहीन. पण गरिबाने फक्त दुःखच मागायचं, गाणं मागायचं नाही, हा नियम कुणी केला?

आणि हा विषय आपल्या दारातला आहे. कर्जत-खालापुरात फार्महाऊस आणि रिसॉर्टवर दर वीकेंडला कार्यक्रम होतात. जमीन आपली होती. आज आपली पोरं तिथे रात्री पार्किंगला टॉर्च घेऊन उभी असतात आणि गाणं भिंतीपलीकडून ऐकतात.

म्हणून तीन मागण्या. एक, तिकीट लावून होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमाला ग्रामपंचायत ना हरकत दाखला देणार असेल, तर तालुक्यातल्या लोकांसाठी काही तिकिटं परवडणाऱ्या दरात ठेवायची अट घाला. दोन, कार्यक्रमाच्या दिवशी दुपारचा एक तास कलाकार आणि स्थानिक पोरं यांच्या मोकळ्या भेटीसाठी ठेवा, पट्टा न बघता. तीन, तालुक्यात एक सार्वजनिक मैदान राखा, जिथे भजनी मंडळापासून रॉक बँडपर्यंत कुणीही, दहाच्या आत, नाममात्र भाड्यात वाजवू शकेल.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. सोबत कोण येतंय, ते खाली नावानिशी लिहा. नुसता अंगठा नको.