कुत्र्याचा गुडघा कुठे असतो?

परवा एका लांबलेल्या मीटिंगमध्ये वहीच्या कोपऱ्यात आमच्या सोसायटीतला काळू काढला. शेजारी बसलेल्या कलीगने डोकावून विचारलं, "टेबल काढतोयस?" सॉलिड पोपट झाला! पण तिचं बरोबर होतं. चार सरळसोट पाय आणि वर फळी. टेबलच होतं ते.

घरी येऊन काळूकडे नीट पाहिलं. घोळ गुडघ्याचा होता. कुत्र्याच्या मागच्या पायात उलटा वळलेला जो सांधा दिसतो, त्याला आपण बिनधास्त गुडघा म्हणतो. ती असते टाच! कुत्री-मांजरं चालतात बोटांवर, टाच कायम हवेत. खरा गुडघा वर पोटाशी असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. घोडा तर प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, खूर म्हणजे त्याचं नख.

हे समजून घ्यायला जॉर्ज स्टब्स या इंग्लिश चित्रकाराने एका शेतघरात दीड वर्ष मेलेल्या घोड्यांची चिरफाड केली आणि १७६६ मध्ये घोड्याच्या शरीररचनेवर पुस्तक काढलं. आपल्याला ऑफिसनंतरची दहा मिनिटं पुरतात. आधी तीन अंडाकृती काढा: डोकं, छातीचा पिंजरा, कंबर. त्यांना कण्याच्या एका रेघेने जोडा. मग सांध्यांचे ठिपके द्या. पुढे खांदा, कोपर, मनगट. मागे खुबा, गुडघा, टाच. ठिपके जोडले की पाय तयार. केस सगळ्यात शेवटी. आणि सुरुवातीला मॉडेल झोपलेलंच बरं!

तीन आठवडे रोज काळू काढला. एका संध्याकाळी तो उभा होता, तर डाव्या टाचेचा ठिपका सारखा वरच यायला लागला. मांडीही बारीक येत होती. चुकलं म्हणून दोनदा खोडलं. मग लक्षात आलं, चित्र बरोबर आहे. काळू तो पाय टेकवतच नाहीये. वॉचमन म्हणाला, "महिना झाला की, साहेब."

महिनाभर मी रोज त्याला बिस्किट टाकत होतो आणि मला दिसलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याला व्हेटकडे नेलं. आता औषधं चालू आहेत, पाय हळूहळू टेकतोय.

तुमच्या गेटवर कोण झोपतं? आज पेन्सिल घेऊन जा. आधी टाच शोधा.