घरांतील विजेचें काम कोणाच्या हातीं द्यावें?

द्राक्षबागेची छाटणी कोणाकडून करून घ्यावी, याविषयीं निफाड-दिंडोरीकडील आमचे बागाईतदार बंधु किती चोखंदळ असतात हें आम्ही जाणतों. हातीं कात्री देण्यापूर्वीं, या माणसानें मागील सालीं कोणाची बाग छाटली व तीस माल कसा आला, याची ते बारकाईनें चौकशी करतात. परंतु त्याच बागाईतदाराच्या नव्या घरांत तारा ओढावयाच्या असल्या म्हणजे, पक्कड व टेस्टर घेऊन जो प्रथम दारीं येईल त्याच्या स्वाधीन सारें घर केलें जातें. छाटणींतील चूक एका हंगामावर भागते. येथील चूक जिवावर बेततें तेव्हांच कळते.

खेड्यांत हें काम बहुधा विहिरीवरील मोटारींचें वाइंडिंग करणारा, वायरमनाचा एखादा मदतनीस, किंवा भावकींतील हुषार मुलगा करतो. आपापल्या कामांत ते वाकबगार असतीलही. वाइंडिंगवाल्यांच्या हस्तकौशल्याबद्दल आम्हांस आदरच आहे. पण घराची वायरिंग ही निराळी विद्या होय. दिवा लागला म्हणजे काम बरोबर झालें, हा समज घातक आहे. स्विच फेजच्या तारेवर न बसवितां न्यूट्रलवर बसविला तरी दिवा लागतोच. मात्र बटन बंद करून होल्डरला हात लावणारास धक्का बसतो. कोठें कोठें तर एक फेज व जमीन यांवर दिवा लावण्याची युक्ति चालते. अशा ठिकाणीं अर्थिंगचा संबंध तुटतांच तीच तार जिवंत होते, आणि ओल्या गोठ्यांत उभें असलेलें जनावर माणसाच्या आधीं बळी पडतें. त्याच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असल्यामुळें जमिनींत उतरलेली वीज त्यास अधिक बाधते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच अशा वस्तु बदलण्यापलीकडील काम परवानाधारक ठेकेदारानें, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं व परमिटधारक कामगाराकडून करवावें, असें 1956 च्या भारतीय वीज नियमांतील 45 व्या नियमानें ठरविलें होतें. 2010 व 2023 सालच्या विनियमांतही तेंच तत्त्व कायम राहिलें. महाराष्ट्रांत हे परवाने राज्य शासनाचें अनुज्ञापक मंडळ देतें. मीटरच्या पुढील सर्व तारांची जबाबदारी घरधन्याची आहे, महावितरणची नव्हे, हेंही पुष्कळांच्या ध्यानीं नसतें.

नवी जोडणी मागतांना अर्जासोबत ठेकेदाराचा चाचणी अहवाल देण्याची रीत आहे. आमचा खरा आक्षेप येथेंच आहे. तारा ओढतो एक आणि अहवालावर सही करतो दुसरा, ज्यानें तें घर डोळ्यांनीं पाहिलेलेंही नसतें! अशी सही विकत घेऊन शेंपन्नास रुपये व एक हेलपाटा वांचेल. भिंतींतील तार त्यामुळें सुधारत नाहीं. सही करणारास घरीं बोलवावें. त्यानें मेगर लावून तारांचें इन्सुलेशन व अर्थिंग आपणांसमक्ष तपासावें. 30 मिलिअँपिअरचें गळतीरोधक उपकरण बसवून त्याचें चाचणीचें बटन दाबून दाखवावें. एवढें करण्यास जो कुरकुरतो त्यास नमस्कार करून वाटेस लावावें.

अर्थिंगचा खड्डा मुरमाड जागेंत असल्यास वैशाखांत तो कोरडा पडून निरुपयोगी होतो; रोपास घालतों तसें त्यासही पाणी घालावें लागतें. शहाणा कारागीर हें न विचारतां सांगतो, आणि माणूस पारखण्याची ही एक सोपी खूण आहे.

काम संपल्यावर परवान्याचा क्रमांक घातलेली पावती, व कोणत्या भिंतींतून कोणती तार गेली याचा साधा नकाशा मागून घ्यावा. तो सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवावा. पुढें मुलांनीं खुंटी ठोकावयास हातोडी उचलली म्हणजे तो काढून पाहतां येईल.