शिरीषाची साल सर्पदंशावर उतारा नव्हे

जयपूरच्या झालाना भागापासून कोकणापर्यंत सावली देणारा, उन्हाळ्यात केसाळ, सुगंधी फुलांनी भरून जाणारा शिरीष. त्याच्या सालीमुळे सापाचे विष उतरते, हा दावा आता विज्ञानवार्तांच्या वेषात फिरू लागला आहे. आधार चरकाचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, विषनाशक द्रव्यांत शिरीषाला श्रेष्ठ मानले आहे, हे खरेच. परंतु त्याच संहितेच्या विषचिकित्सेत दंशाच्या वर बंध बांधणे, चिरा देणे, विष चोखणे, डाग देणे हेही उपाय आहेत. आजचे वैद्यक या चारहींना मनाई करते आणि ती मनाई दावेदारांनाही मान्य असते. मग एकाच ग्रंथातील एक उपाय कालबाह्य आणि दुसरा त्रिकालाबाधित, हे कोणत्या कसोटीवर ठरले?

‘प्रयोगशाळेत सिद्ध झाले’ हे पुढचे उत्तर. वनस्पतींच्या अर्कांवरील अशा अनेक प्रयोगांत विष आणि अर्क आधी एकत्र मिसळून ठेवतात, मग ते मिश्रण उंदराला टोचतात. शेतातला साप अर्क मिसळून चावत नाही. मण्यारीचे विष काही तासांत श्वासाचे स्नायू लुळे पाडते. घोणसाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. साल उगाळण्यात गेलेला तास प्रतिविषाच्या वाट्याचा असतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली.

या गदारोळात शिरीषाचीही उपेक्षाच होते. दमा व अ‍ॅलर्जीवर त्याची साल परंपरेने वापरली जाते. १९७९ मध्ये भारतीय संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले, की सालीचा अर्क अ‍ॅलर्जीची रसायने सोडणाऱ्या पेशींना आवर घालतो. माणसांवरील मोठ्या, काटेकोर चाचण्यांसाठी आग्रह धरावा असा हा धागा आहे. पण दम्यात सापाचा थरार नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनची उपयुक्तता दाखवली, ती ग्रामीण रुग्णांच्या नोंदी ठेवून, निष्कर्ष जगापुढे तपासणीस मांडून. शिरीषाच्या कैवाऱ्यांना हा मार्ग बंद नाही.

रोषच व्यक्त करायचा, तर त्याला योग्य जागा आहे. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषावर बेतलेले आहे आणि ते विष मुख्यतः तमिळनाडूत गोळा होते. प्रदेशागणिक मात्र विष बदलते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की पश्चिमेकडील सिंधी मण्यार आणि राजस्थानातील फुरसे यांच्या विषापुढे बाजारातील प्रतिविषे अपुरी पडतात. म्हणजे वेळेत रुग्णालय गाठलेला राजस्थानी शेतकरीही पुरता सुरक्षित नाही. त्याच्या प्रदेशासाठी वेगळे प्रतिविष हवे, ही मागणी शिरीषाच्या फुलांच्या छायाचित्राइतकी कधी फिरली?