चूल गेली, धूर परत आला

संक्रांतीच्या हळदीकुंकवात गेल्या चार-पाच वर्षांत मिळालेली वाणं एकदा कपाटातून काढून बघा. कोयरी, कमळाची रांगोळी, ‘शुभ-लाभ’, ग्लासखाली ठेवायची जाळीदार चकती. कडा सगळ्यांच्या एकसारख्या, काळपट. करवतीने कापलेलं लाकूड असं भाजलेलं दिसत नाही. हे लेझरचं काम.

याला मोठा जोर एका बंदीने दिला, असं मला वाटतं. मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली आणि गणपतीच्या मखराचा प्रश्न उभा राहिला. पुठ्ठा, कापड, बांबू यांच्या जोडीला एमडीएफ आलं. तेवढ्यात यंत्रंही स्वस्त झाली. छोटं डायोड लेझर आज नव्या स्कूटीपेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळतं, टेबलावर मावतं, मोबाइलवरून चालतं. जे काम वर्कशॉपमध्ये व्हायचं ते आता बाल्कनीत होतं.

आमच्या नेऱ्यात तर गिऱ्हाईकही दोन तऱ्हेचं. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे इथे राहायला आलेल्या मुली हौस म्हणून घेतात आणि जुन्या गावातल्या बायकांना त्यात जोडधंदा दिसतो. वर्षभरात मला तिघींनी विचारलं, ‘ताई, घेऊ का?’ तिघींनी किंमत सांगितली, हप्ता सांगितला. यंत्र घरात कुठे ठेवणार, हे मात्र मलाच विचारावं लागलं. एकीने तर स्वयंपाकघराला लागून असलेली बाल्कनी ठरवून टाकली होती!

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रसायनाने चिकटवून, दाबून केलेला बोर्ड. हे चिकटवण्याचं रसायन बहुतेक वेळा युरिया-फॉर्माल्डिहाइड असतं. लेझर तो बोर्ड जाळत जाळतच कापतं, त्यामुळे धुरात बारीक काजळीबरोबर फॉर्माल्डिहाइडही येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली ते कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. एका वाणाच्या वासाने कुणाला काही होत नाही, उगाच घाबरू नका. पण ऑर्डरच्या दिवसांत रोज चार-चार तास, बंद खोलीत, शेजारी पोर अभ्यासाला बसलेलं, हे वेगळं.

2016 साली उज्ज्वला योजना आली तेव्हा चुलीचा धूर बाईच्या छातीत कसा जातो, हे सगळे सांगत होते. आता तीच बाई घरबसल्या चार पैसे मिळवते म्हणून कौतुक होतं, आणि धुराचा विषय निघत नाही. चूल निदान डोळ्यांतून पाणी काढून हाकलून तरी द्यायची.

त्याहून वाईट सनबोर्ड. सनबोर्ड किंवा फोम शीट म्हणून दुकानात जे मिळतं ते पुष्कळदा पीव्हीसी असतं, रेक्झिनही तसंच. ते लेझरखाली धरलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि ओलाव्यात त्याचं ॲसिड होतं. छातीलाही वाईट आणि यंत्रही गंजतं. ओळखायची जुनी युक्ती आहे. खिडकी उघडी ठेवून पकडीत तांब्याची तार धरा, ज्योतीत लाल करा, शीटला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो माल यंत्राखाली घालायचा नाही.

डोळ्यांचंही बघा. निळ्या डायोडला त्याच्याच प्रकाशाचा, साधारण 450 नॅनोमीटरचा चष्मा लागतो, गॉगल चालत नाही. मोठ्या कार्बन डायऑक्साइड ट्यूबचा किरण तर दिसतच नाही. घरात मुलं असतील तर उघड्या चौकटीचं यंत्र नकोच, झाकणाचं घ्या. आणि कुकर लावून टीव्हीसमोर बसायची आपली सवय इथे नको, कापताना लाकूड पेट घेऊ शकतं.

धंद्याचं गणितही मला थोडं खटकतं. यंत्र सारखं, डिझाइनच्या फायली सारख्या, मग उरते ती फक्त भावाची मारामारी. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं लांबून ओळखू येतात, कारण रंगावर कुणाचा तरी हात फिरलेला असतो. कापायला यंत्र खुशाल वापरा, पण नक्षी तुमची काढा.

यंत्र प्रत्येकीच्या घरात असायला हवं, असंही काही नाही. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे 2002 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. यंत्रं मध्ये ठेवायची, शिकायचं आणि ज्याने त्याने आपली वस्तू तिथे येऊन करायची, अशी ती कल्पना. आपल्या बचत गटाला हे अवघड नाही. दहा जणींत एक झाकणाचं यंत्र, गावात रिकामा पडलेला एखादा गोठा किंवा गाळा, दिवस वाटून घेतलेले. धूर ओढणाऱ्या पंख्याचे आणि पाइपचे पैसे यंत्राच्याच कोटेशनमध्ये धरा, नंतर बघू म्हटलं की ते राहून जातं. पाइप छताच्या वर न्या, आणि त्याचं तोंड शेजारणीच्या खिडकीकडे नको.