निकोटिनरहित धूर आणि आपले कर्तव्य

सिगारेट सोडलेला रुग्ण ‘यात निकोटिन नाही’ म्हणून वाफेच्या उपकरणाविषयी विचारतो, तेव्हा मालेगावसारख्या तालुक्याच्या गावीही वैद्याचे उत्तर निःसंदिग्ध असावे. २०१९ च्या ई-सिगारेट प्रतिबंध कायद्यात निकोटिनरहित उपकरणेही येतात. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात, याची औषधविक्रेत्या बंधूंनी नोंद घ्यावी.

तथापि, आपल्याच कपाटातील तंबाखूविरहित ‘हर्बल’ सिगारेटींचे काय? वनस्पती कोणतीही जाळली तरी कार्बन मोनॉक्साइड व डांबर निर्माण होतेच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात धूमपान सांगितले आहे, ते काल, मात्रा व प्रयोजन ठरवून. तलफ भागविण्यासाठी नव्हे. त्याचा दाखला देऊन असा माल खपविणे आम्हांस शास्त्राशी प्रतारणा वाटते.

त्याच सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय अंशाअंशाने सोडण्याचा क्रम आहे. त्या क्रमाला शेवट आहे. नव्या नळकांडीला नाही. जो सिगारेटपासून सुटला, त्याच्या हाती पुन्हा धूर देऊ नये. तलफ अनावर झाल्यास १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवा सांगावी आणि रुग्णास आठवड्याने पुन्हा बोलवावे.