उदास गाणी ऐकणाऱ्या पोराला काय विचारावे?

साखरखेर्ड्यासारख्या गावातल्या वस्तीतही आता पोरांच्या कानात रात्री उशिरापर्यंत गाणी असतात. त्यातली बरीच उदास असतात. मोबाईलवर थेट जपानची गाणीही येतात. टोकियोच्या 'फिशमॅन्स' या बँडचे १९९६ चे 'लाँग सीझन' हे एकच गाणे सुमारे ३५ मिनिटे चालते. भाषा आपल्याला कळत नाही, उदासी मात्र कळते. घरचे म्हणतात, "असली रडकी गाणी ऐकूनच पोरगं बिघडलं." मला हे पटत नाही.

जे तोंडाने सांगता येत नाही ते गाणे बोलते, म्हणून ऐकल्यावर हलके वाटते. आपल्याला हे नवे नाही. वामनदादा कर्डक आणि त्यांच्यासारख्या कितीतरी गायकांनी आपले दुःख वस्तीवस्तीत गायले. आपल्या आईवडिलांनी ते डोळे पुसत ऐकले, पण मांडीला मांडी लावून ऐकले. इअरफोन घातलेल्या पोराच्या शेजारी कोणी नसते. काळजी करायची ती या एकटेपणाची.

गाण्याचा आधार मोठा असला तरी प्रत्येक वेळी तो पुरतोच असे नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटात त्यांची आठवण आहे. तो अन्याय आपण विसरणार नाही. पण त्या मृत्यूचा गौरव करू नये. शाहीर जगले असते तर आणखी किती गायले असते! सगळ्यांचे दुःख गाणाऱ्यालाही स्वतःच्या दुःखात विचारपूस करणारे माणूस लागते.

म्हणून पोराला "गाणं बंद कर" म्हणू नका. "काय ऐकतोस? मलाही ऐकव," म्हणत जवळ बसा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, "मी नसतो तर बरं" असे बोलणे निघत असेल, तर तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. असा विचार येत असेल तर त्याला एकटे सोडू नका.

जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना हे सगळे स्पष्ट सांगा. १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. विहाराच्या फलकावर तो आजच लिहून ठेवा.