सोनेरी रंगावर थांबा

ब्रुसेल्समधल्या छोट्याशा, उबदार रेस्टॉरंटमध्ये शिंपल्यांचे वाफाळते भांडे येते आणि सोबत बटाट्याच्या फ्राइजचा ढीग. या फ्राइज दोनदा तळलेल्या असतात: आधी बेताच्या गरम तेलात शिजवून गार केलेल्या, मग कडक तेलात कुरकुरीत केलेल्या. २०१७ मध्ये युरोपीय आयोग ॲक्रिलामाइड कमी करण्याचे नियम आखत होता. तेव्हा बटाटे आधी उकळत्या पाण्यातून काढावे लागतील, या धास्तीने बेल्जियममध्ये गहजब झाला. फ्लँडर्सच्या पर्यटनमंत्र्यांनी तर आयोगाला पत्रच लिहिले!

हा रुसवा मला समजतो. पण आयोगाची काळजी पोकळ नव्हती. बटाट्यातील साखर आणि ॲस्परजिन हे अमिनो आम्ल यांपासून १२० अंशांच्या पुढे ॲक्रिलामाइड तयार होते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने कर्करोग झाला आहे. माणसांबाबतचा पुरावा अजून पक्का नाही. म्हणून फ्राइज सोडा, असे मी म्हणणार नाही. रंग बघा. सोनेरी असतील तर अधूनमधून खुशाल खा, तपकिरी झालेल्या बिनदिक्कत परत पाठवा. मात्र स्वयंपाकी कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवत असेल, तर फ्राइज लवकर काळपटणारच. थंडीत बटाट्यातील साखर वाढते.